बाळ झोपल्यावर लिहीन, असं म्हणू नकोस

अगं, बाळ झोपलं की तुझाही डोळा लागणारच. त्या वेळेवर कथा टांगून ठेवू नकोस. माझी पहिली कथा मी कुकरच्या शिट्ट्या मोजत, वाणसामानाच्या यादीमागे लिहिली. त्या कागदावर अजून हळदीची बोटं आहेत. बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं. जात्यावर, शेतात सुचलेली गाणी घरच्यांनी उतरवून घेतली, म्हणून १९५२ साली त्यांचं पुस्तक निघालं. तुझ्याकडे मोबाइल आहे, ओळ सुचली की लगेच बोलून ठेव.

नवऱ्याकडे नुसती मदत मागू नकोस. 'रविवारी ९ ते ११ बाळ तुझ्याकडे' असं ठरवूनच टाक. त्या दोन तासांत ओट्यावर कितीही पसारा दिसो, उठायचं नाही. दिवाळी अंकाला कथा द्यायचीय ना? मग जूनपर्यंत कच्चा खर्डा तयार हवा.