सीबीएन घेतल्याने रात्री सलग झोप लागते का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. पडल्यावर झोप लागायला त्रास नाही, पण मध्यरात्रीनंतर दोन-तीनदा जाग येते, उठल्यावर तोंड कोरडं पडलेलं असतं, दिवसा मीटिंगमध्ये डुलक्या येतात, आणि आता मित्राने सीबीएनच्या गमीज, म्हणजे चघळायच्या गोड गोळ्या, सुचवल्यात की गांजातलंच आहे पण नशा नाही, खास झोपेसाठीच. ॲलर्जीची गोळी रात्री चालूच आहे. घेऊ का, आणि सवय लागेल का, असं तुम्ही विचारलंय.

माझं उत्तर आधीच सांगून टाकते, आत्ता लगेच घेऊ नका. सीबीएन भयंकर काही आहे म्हणून नाही, मी स्वतः घेऊन बघितलंय, जिथे ते कायद्याने मिळतं तिथे. पण तुम्ही जी लक्षणं लिहिलीत ना ती वाचून मला सीबीएनपेक्षा दुसरीच काळजी वाटली. तिकडे येतेच, पण आधी या पदार्थाबद्दल जरा नीट बोलू, कारण त्याच्या नावाने बरंच काहीबाही खपवलं जातंय.

सीबीएन म्हणजे कॅनाबिनॉल. ताज्या झाडात ते नावापुरतंच असतं. टीएचसी, म्हणजे ज्याने नशा चढते तो घटक, हवा उजेड आणि उष्णता लागून हळूहळू मोडतो आणि त्याचं सीबीएन होतं, त्यामुळे माल जितका जुना तितकं त्यात सीबीएन जास्त. गंमत म्हणजे गांजातल्या या जातीच्या घटकांपैकी सगळ्यात आधी वेगळं काढलं गेलं ते हेच, १८९६ साली, केंब्रिजमध्ये वुड, स्पायव्ही आणि ईस्टरफील्ड या तिघांनी. १९४० मध्ये अमेरिकेत रॉजर ॲडम्स आणि इंग्लंडात अलेक्झांडर टॉड यांनी ते प्रयोगशाळेत बनवूनही दाखवलं. टीएचसी शुद्ध रूपात हाती आलं ते १९६४ ला, इस्रायलमध्ये गाओनी आणि मेशूलम यांच्याकडे. म्हणजे सीबीएन हा काही नवा शोध नाही, नवीन आहे तो त्याच्यावर चिकटवलेला झोपेचा शिक्का.

हा शिक्का आला कुठून तर एका निरीक्षणावरून. जुना साठवलेला गांजा ओढला की लोक पेंगतात असा अनुभव पूर्वीपासून सांगितला जातो, जुन्या मालात सीबीएन जास्त असतं, मग पेंग सीबीएनमुळेच येते असं गृहीत धरलं गेलं. पण माल जुना होताना त्यातली हलकी सुगंधी तेलं उडून जातात आणि जड तेवढी मागे उरतात, शिवाय टीएचसी सगळं संपलेलं नसतंच आणि त्यानेही झोप येते. मग पेंग नक्की कशाने आली हे नुसतं जुना माल ओढून कसं कळणार? १९७५ मध्ये ब्राझीलच्या संशोधकांनी ५ पुरुषांवर हेच तपासलं होतं. ५० मिलिग्रॅम सीबीएन एकटं दिलं तर त्यांना विशेष काही जाणवलं नाही, टीएचसीबरोबर दिलं तेव्हा मात्र गुंगी आणि चक्कर जास्त वाटली. पाचच माणसं होती त्यामुळे त्यावर फार मोठा निष्कर्ष कुणी काढू नये, पण एकट्या सीबीएनने माणूस धाडकन झोपतो या कल्पनेला तेव्हासुद्धा आधार मिळाला नव्हता हे खरं.

तुम्ही नेटवर शोधलं असेल तर "५ मिलिग्रॅम सीबीएन म्हणजे १० मिलिग्रॅम डायझेपाम" (डायझेपाम म्हणजे गुंगी आणणारी एक गोळी) हे वाक्य तुम्हाला दिसलंच असेल. ते मनातून काढून टाका. माणसांवरच्या कुठल्याही नीट केलेल्या अभ्यासातून ते आलेलं नाही. २०२१ मध्ये सीबीएन आणि झोप या विषयावरचे उपलब्ध अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हाही निष्कर्ष हाच निघाला की झोपेचे दावे करण्याइतका पुरावा नाही.

त्यानंतर मात्र दोन कामं अशी झाली की मला हा विषय परत उघडून बघावासा वाटला. एक २०२३ मधलं. झोप वाईट आहे असं स्वतः सांगणाऱ्या सुमारे ३०० लोकांना ७ रात्री एकतर सीबीएन किंवा सीबीएन अधिक सीबीडी (गांजातलाच दुसरा एक घटक, नशा न आणणारा) किंवा प्लासिबो, म्हणजे दिसायला तसंच पण औषध नसलेलं काहीतरी, असं दिलं, आणि कुणाला काय मिळालं ते ना घेणाऱ्याला माहीत ना देणाऱ्याला. २० मिलिग्रॅम सीबीएन घेणाऱ्यांची रात्रीची जाग प्लासिबोपेक्षा कमी झाली, एकूण झोपमोडही कमी झाली. पण झोप लागायला जो वेळ लागतो तो कमी झाला नाही, आणि झोप कशी होती या मुख्य प्रश्नाच्या उत्तरात ठाम असा फरक दिसला नाही. दिवसाच्या थकव्यातही नाही. सोबत सीबीडी घातल्याने जास्तीचा फायदाही काही झाला नाही, आणि हे मुद्दाम लक्षात ठेवा कारण दुकानातल्या बऱ्याच पाकिटात ही जोडगोळीच असते आणि त्यासाठी जास्तीचे पैसे घेतले जातात.

दुसरं काम सिडनी विद्यापीठातलं, २०२४ चं, उंदरांवरचं. त्यांच्या मेंदूच्या लहरी मोजल्या तेव्हा सीबीएनने झोप खरंच वाढली, स्वप्नांची झोपही आणि त्याशिवायची गाढ झोपही, आणि झोल्पिडेम या नेहमीच्या झोपेच्या गोळीच्या तोडीचा परिणाम दिसला. पण आधी थोडा वेळ झोप दबली आणि मग वाढली! यकृतात सीबीएनपासून जो पुढचा पदार्थ तयार होतो त्याचाही या परिणामात वाटा असावा असं त्या टीमचं म्हणणं आहे. ते खरं असेल तर पोटातून घेतलेलं सीबीएन उशिरा काम करतं याचा मेळ लागतो, आणि माणसांमध्ये जाग कमी झाली पण झोप लवकर लागली नाही, तेही त्याला धरूनच वाटतं. अर्थात उंदीर तो उंदीर. याच गटाने निद्रानाश असलेल्या २० माणसांवर ३० आणि ३०० मिलिग्रॅम असे एकेक डोस झोपेच्या लॅबमध्ये तपासायची चाचणीही आखली. त्यातले आकडे बघा आणि मग गमीच्या पाकिटावरचे २ किंवा ५ मिलिग्रॅम बघा, अंतर लक्षात येईल.

आता माझं. मलाही जाग येण्याचाच त्रास होता, आणि त्याआधी माझी झोपेची तपासणी होऊन श्वासाचा प्रश्न नाही हे कळलं होतं. मी शुद्ध सीबीएनचं तेल आणलं ज्यात बाकी काही नाही, आणि त्याच मूळ तेलाची साधी बाटली, आणि नवऱ्याला सांगितलं की रोज रात्री तू ठरव कुठलं द्यायचं, लिहून ठेव, मला सांगू नकोस. सकाळी उठल्यावर मी वहीत लिहायचे की किती वेळा जाग आली, परत झोपायला किती वेळ गेला असं वाटतं, आणि आज काय मिळालं होतं याचा अंदाज. काही आठवड्यांनी दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या. सीबीएनच्या रात्री जाग थोडी कमी होती, हो, पण फरक मला वाटला होता त्यापेक्षा लहान निघाला, आणि साध्या तेलाच्या कितीतरी रात्रींना मी बेधडक "आज नक्की सीबीएन" असं लिहिलं होतं. झोपेच्या औषधांच्या चाचण्यांमध्ये प्लासिबोवालेसुद्धा बरेच सुधारतात ते काही उगीच नाही. कुणी "मी पहिल्याच रात्री लाकडासारखा झोपलो" म्हणालं तर ते खोटं बोलत नसतात, पण ते सीबीएनमुळेच झालं हे त्यावरून ठरत नाही, विशेषतः त्या गमीत मेलाटोनिन (झोपेचं हार्मोन) आणि टीएचसीही असेल तर.

आणि ते असतं. तुमच्या मित्राचं "नशा नाही" हे वाक्य म्हणूनच मला अर्धवट वाटतं. सीबीएन स्वतः मेंदूतल्या त्याच जागी चिकटतं जिथे टीएचसी चिकटतं, फक्त खूप कमी जोराने, म्हणजे छोट्या डोसला बहुतेकांना काही चढत नाही, पण जोर कमी म्हणजे शून्य नव्हे. आणि पाकिटात नक्की काय आहे हा प्रश्न उरतोच. २०१७ मध्ये ऑनलाइन विकली जाणारी ८४ सीबीडी उत्पादनं लॅबमध्ये तपासली तेव्हा लेबलवर लिहिलेलं प्रमाण जेमतेम तिसऱ्या हिश्शात बरोबर निघालं आणि १८ मध्ये टीएचसी सापडलं. ते सीबीडीबद्दल होतं हे मान्य, पण विकणारे आणि विकायची पद्धत तीच आहे. तुमच्या नोकरीत लघवीची ड्रग टेस्ट होत असेल तर हा विषय इथेच सोडून द्या, कारण लपलेलं टीएचसी तर पकडलं जाईलच, पण काही प्राथमिक टेस्ट किट नुसत्या सीबीएनलासुद्धा टीएचसी समजून पॉझिटिव्ह दाखवतात. जिथे राहता तिथला कायदाही आधी बघा, सीबीडी चालतं म्हणजे सीबीएन चालतंच असं नाही.

सवयीबद्दल. वरची माणसांवरची चाचणी ७ रात्रींचीच होती, त्यामुळे सवय लागत नाही असं छातीठोकपणे सांगणाऱ्यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही. टीएचसीचं मात्र पक्कं माहीत आहे, रोज घेऊन एकदम थांबवलं की झोप बिघडते, विचित्र स्वप्नं पडतात, चिडचिड होते. म्हणजे ज्या गमीत टीएचसी आहे ती बंद केल्यावर झोप उडाली की माणूस म्हणतो बघा मला याची गरजच आहे, आणि परत डबा उघडतो.

आता तुमच्या लक्षणांकडे येते. दोन-तीनदा जाग, सकाळी कोरडं तोंड, दिवसा डुलक्या. घोरता का हे तुम्ही लिहिलेलं नाही, घरात कुणाला तरी विचारा, कारण स्वतःला ते कळत नाही. झोपेत घसा मिटून श्वास अडतो, ऑक्सिजन खाली जातो, मेंदू खडबडून जागा करतो, आपल्याला वाटतं की लघवीला उठलो किंवा उगाच जाग आली. याला स्लीप ॲप्निया म्हणतात. तो असेल तर जाग येणं ही शरीराची सुटकेची धडपड आहे, आणि जाग कमी करणाऱ्या वस्तूने श्वासाची वाट उघडत नाही. अमेरिकन ॲकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलंय की ॲप्नियावर उपचार म्हणून गांजा किंवा त्यातले अर्क वापरू नयेत. म्हणून म्हणते की आधी स्लीप स्टडी, म्हणजे झोपेची तपासणी, करून घ्या, आता घरच्या घरी छोटं मशीन लावूनही होते.

ॲलर्जीच्या गोळीचंही बघा. जुन्या पद्धतीची असेल, क्लोरफेनिरामिन, हायड्रॉक्सिझिन, डायफेनहायड्रामिन यातलं काही, तर तिच्यानेच तोंड कोरडं पडतं आणि दुसऱ्या दिवशी पेंग राहते, आणि नाक चोंदलेलं असेल तर तोंडाने श्वास घेऊनही कोरडं पडतं, म्हणजे तुमची अर्धी तक्रार कदाचित त्या गोळीची नाहीतर त्या नाकाची असेल. वर सीबीएन घेतलं तर गुंगीवर गुंगी. शिवाय हे घटक यकृतात ज्या यंत्रणेने मोडतात त्याच यंत्रणेने बरीच औषधं मोडतात, सीबीडीमुळे रक्त पातळ करणाऱ्या वॉरफेरिनची पातळी वाढल्याची उदाहरणं आहेत, तेव्हा चालू असलेली सगळी औषधं डॉक्टरांना दाखवूनच पुढचं ठरवा, आणि हे घ्यायचा विचार आहे हेही न लाजता सांगा. दारूबरोबर अजिबात नको. गरोदर असाल किंवा बाळाला अंगावर पाजत असाल तर विषयच नको.

स्टडीचा रिपोर्ट आला की त्यात एएचआय नावाचा आकडा असेल, तासाला किती वेळा श्वास अडला किंवा उथळ झाला त्याचा. ५ च्या खाली म्हणजे ठीक, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र. ५ किंवा त्याच्या वर असेल तर गमीज विसरा आणि त्याचे उपचार घ्या, दिवसाच्या डुलक्या त्यानेच जातील अशी खूप शक्यता आहे. ५ च्या खाली असेल आणि तरी आठवड्यात तीन-चार रात्री जाग येत राहिली, तर आधी निद्रानाशाची सीबीटी, म्हणजे झोपेच्या सवयी आणि विचार बदलायची गोळ्यांशिवायची थेरपी, करून बघा, २०१६ मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने प्रौढांच्या जुनाट निद्रानाशासाठी गोळ्यांच्या आधी तीच सुचवलीय. त्यात उठायची वेळ रोज एकच ठेवतात, अंथरुणात लोळायचा वेळ कापतात, आणि जाग आल्यावर बराच वेळ झोप येत नसेल तर उठून दुसऱ्या खोलीत जायला लावतात. पहिले दोन आठवडे जड जातात, त्या दिवसांत लांबची गाडी चालवू नका. एवढं करूनही उपयोग नाही झाला आणि डॉक्टरांची हरकत नसेल, तर मग शुद्ध सीबीएन, बाकी काही न मिसळलेलं, त्याच बॅचचा लॅब रिपोर्ट बघून, सुट्टीच्या आदल्या रात्री पहिल्यांदा, आणि पहिल्या तासात काही वाटलं नाही म्हणून दुसरी गोळी तोंडात टाकायची नाही.