'आम्ही' जेवायला बसू या?

प्रश्न असा आलाय: लखनौहून आलेली वहिनी मराठी छान बोलायला लागली, पण परवा पाहुण्यांना म्हणाली, "चला, आम्ही जेवायला बसू या," आणि सगळे हसले. 'हम'चं 'आम्ही' केलं, तर चुकलं कुठे?

हिंदीतल्या एका 'हम'साठी मराठीत दोन शब्द लागतात, तिथे. 'आम्ही' म्हणजे मी आणि माझी माणसं, समोरचा सोडून. 'आपण' म्हणजे समोरच्याला धरून. 'बसू या', 'जाऊ या' ही रूपं समोरच्याला सोबत घेणारी, त्यामुळे 'आम्ही'शी त्यांचं जमत नाही. वहिनींनी एकाच वाक्यात पाहुण्यांना पंगतीला बसवलं आणि उठवलंही! याच्या उलट प्रकार मी पाहिलाय. मराठी शिकणारा एक मित्र निरोप घेताना म्हणाला, "बरं, आपण निघू या." यजमान बिचारे चपला शोधायला लागले.

संस्कृतात हा भेद नाही, 'वयम्' दोन्हीला पुरतं. तेलुगूत मात्र 'आपण'ला 'मनम्' आणि 'आम्ही'ला 'मेमु', तमिळमध्ये तसेच 'नाम्' आणि 'नांगळ्'. त्यामुळे मराठीला ही सवय द्राविडी शेजारातून लागली, असं बरेच अभ्यासक मानतात. गुजरातीतही 'आपणे' आणि 'अमे' आहेत. गंमत म्हणजे अगदी बांधाला बांध असलेल्या कानडीच्या आजच्या बोलीत दोन्हीला 'नावु'च चालतं. सवय शेजारची असली तरी 'आपण' हा शब्द घरचा आहे. 'आत्मन्'वरून प्राकृतात 'अप्पण' आणि पुढे 'आपण'. मूळचा 'स्वतः' हा अर्थ 'आपणहून'मध्ये अजून शिल्लक आहे.

मला खरी मजा वाटते ती 'आमच्याकडे' आणि 'आपल्याकडे' यांची. पुण्याची बाई कोल्हापूरच्या जावेला सांगते, "आमच्याकडे आमटीत गूळ घालतात." जाऊ म्हणते, "आमच्याकडे नाही बाई." त्याच दोघी परदेशात बर्फ उपसत उभ्या राहिल्या की "आपल्याकडे असली थंडी नसते" म्हणतात. गूळ कुठल्या कुठे जातो. पण म्हणून 'आपण' हा सगळ्यांना सामावणारा शब्द, असं मी म्हणणार नाही. "मुलगा आपल्यातलाच आहे ना?" या प्रश्नातही तोच आहे, आणि तिथे तो जातीचं दार लावून घेतो. 'आपण' फक्त ऐकणाऱ्याला आत घेतो. तिसऱ्याचं काय, ते बोलणाऱ्यावर.

संविधानाच्या मराठी उद्देशिकेची सुरुवात 'आम्ही, भारताचे लोक' अशी आहे, आणि शेवटी ते संविधान 'स्वतःप्रत अर्पण' केलंय. देणारे आम्ही, घेणारेही आम्ही, मग वगळलं कुणाला? माझ्या कानाला तिथे 'आपण' बरं वाटलं असतं. पण 'आपण' हा आदराचा 'तुम्ही'ही असतो ("आपण कधी आलात?") आणि छाती पुढे काढून म्हटलेला 'मी'ही ("आपण नाही कुणाला घाबरत!"). कायद्याच्या मजकुरात असला तीन तोंडी शब्द परवडत नाही. गुजरातीतही तिथे 'अमे'च आहे.

वहिनींना एवढंच सांगा: ज्याच्याशी बोलताय त्याचंही ताट मांडलं असेल, तर 'आपण'.