सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा थोडीफार येते, जुन्या कन्सोलसाठी साधा गेम बनवायचाय. कुठला कन्सोल घेऊ आणि सुरुवात कुठून करू?

एकट्यानेच करणार असाल तर डोळे झाकून गेम बॉय (निन्टेंडोचा हातात धरायचा कन्सोल) घ्या, १९८९ चा पहिलावाला, रंगीत नाही. एनईएसवरही (निन्टेंडोचा टीव्हीला जोडायचा जुना कन्सोल) भरपूर लोक होमब्रू, म्हणजे घरगुती हौशी गेम, करतात पण तिथे सी जरा जड जातं आणि रंगांचे नियम किचकट आहेत, पहिल्याच गेमला ती डोकेदुखी कशाला.

जीबीडीके-२०२० हा गेम बॉयसाठी गेम बनवायचा टूलसंच उतरवून घ्या, फुकट आहे, सी मध्ये लिहायचं आणि थेट रॉम फाइल (कन्सोलवर चालणारी गेमची फाइल) मिळते. असेंब्लीची, म्हणजे थेट प्रोसेसरच्या सूचनांत लिहायची, हौस असेल तर आरजीबीडीएस हा टूलसंच, कोडच नको असेल तर जीबी स्टुडिओ हे सॉफ्टवेअर, पण तुम्हाला सी येतंय तर जीबीडीकेच बरं, मशीन आतून कळतं. इम्युलेटर (कॉम्प्युटरवर कन्सोलची नक्कल करणारा प्रोग्रॅम) एम्युलिशियस किंवा बीजीबी घ्या कारण त्यात व्हीरॅम, म्हणजे चित्रांची मेमरी, उघडून टाइल्स (चित्राचे छोटे चौकोनी तुकडे) बघता येतात, त्याशिवाय डिबगिंग म्हणजे अंधारात चाचपडणं.

आता मुख्य मुद्दा. आधी गेम डोक्यात ठरवून मग तो मशीनमध्ये कोंबायला जाऊ नका, मशीन काय देतंय ते बघा आणि त्यातून गेम काढा. स्क्रीन १६० बाय १४४ पिक्सेल, म्हणजे ८ बाय ८ च्या टाइल्स आडव्या २० आणि उभ्या १८. छटा चार. वर्क रॅम, म्हणजे गेम चालताना वापरायची मेमरी, ८ केबी. स्प्राइट (बॅकग्राउंडवर मोकळेपणाने हलवता येणारी छोटी चित्रं) एकूण ४०, पण एका आडव्या रेषेवर १० च दिसतात, अकरावा तिथे गायब होतो. हे वाचल्यावर लगेच कळतं की शत्रूंची आडवी फौज नको, वरून एकेक वस्तू पडतेय आणि खाली प्लेअर ती झेलतोय असा एका स्क्रीनचा गेम मस्त बसतो. तोच करा.

पहिली टाइल चौकटीच्या कागदावर काढा आणि आकडे हाताने लिहा, खरंच सांगतोय. एका टाइलला १६ बाइट, प्रत्येक ओळीला दोन, एका पिक्सेलचा एक बिट पहिल्या बाइटमध्ये आणि दुसरा बिट दुसऱ्यात, दोन्ही मिळून ० ते ३ पैकी छटा ठरते. एकदा हाताने केलं की पुढे टूल वापरताना काय चाललंय ते दिसतं. मग ती टाइल स्प्राइट म्हणून ०, ० वर ठेवाल आणि काहीच दिसणार नाही, घाबरू नका, स्क्रीनचा डावा वरचा कोपरा स्प्राइटसाठी ८, १६ असतो, म्हणजे स्प्राइट कडेबाहेरून हळूहळू आत आणता येतो.

मेन लूप साधा ठेवा: बटणं वाचा, जागा बदला, टक्कर तपासा, व्हीब्लँकची वाट बघा. स्क्रीन सेकंदाला साधारण ६० वेळा काढली जाते आणि प्रत्येक वेळी शेवटी जेमतेम १.१ मिलिसेकंदाची उसंत मिळते तोच व्हीब्लँक, चित्र बदलायची निवांत वेळ तीच. जीबीडीके बरंच सांभाळून घेतं पण बॅकग्राउंड एका फ्रेममध्ये अख्खा बदलायला गेलात तर चित्र फाटलेलं दिसेल.

प्रोसेसर ८ बिटचा, गुणाकार-भागाकाराची सूचनाच नाही त्याला, त्यामुळे जमेल तिथे इंट ऐवजी ८ बिटचा अनसाइन्ड आकडा वापरा आणि फ्लोटला हातही लावू नका. वस्तू फ्रेममागे पाऊण पिक्सेल पडायला हवी असेल तर १६ बिटचा आकडा घ्या, वरचे ८ बिट पिक्सेल, खालचे ८ अपूर्णांक, दर फ्रेमला १९२ (२५६ चे पाऊण) मिळवत जा. झालं काम.

रँडमचं बीज (ज्या आकड्यापासून रँडम आकडे सुरू होतात तो) टायटल स्क्रीनवर स्टार्ट दाबल्याच्या क्षणी डिव्ह रजिस्टर या मशीनमधल्या मोजणी करणाऱ्या काउंटरमधून घ्या. तो सतत पळत असतो आणि माणूस बटण नेमकं कधी दाबेल ते ठरलेलं नसतं, नाहीतर दरवेळी वस्तू त्याच क्रमाने पडत राहतील.

आवाज शेवटी. आणि फ्लॅश कार्ट (स्वतःचा गेम भरता येणारी कार्ट्रिज) मिळाली तर खऱ्या मशीनवर चालवून बघाच, त्या जुन्या एलसीडीवर हलणारी गोष्ट पुसट होते, बारीक फिक्या वस्तू वेगात दिसतच नाहीत, म्हणून पडणाऱ्या वस्तू गडद आणि जाड काढा.