कटोरी ब्लाऊज आणि कलचाचणीचा कागद

पत्र: 'मी इचलकरंजीत ब्लाऊज शिवते. मुलगा दहावीत आहे. धडा वाचायचा म्हटला की जांभया, निबंध अर्धवट. पण मिक्सर खोलून पुन्हा जोडतो. परवा खण कमी पडत होता, तर यानेच तुकडे फिरवून बाही त्यात बसवून दिली. हे कुठून आलं कोण जाणे. कलचाचणीत आकृत्यांच्या भागात सगळ्यात वर, भाषेत खाली, आणि शेवटी शेरा: एकूण सरासरी. यांचं म्हणणं, कॉमर्सला घालू. काय करू?'

ताई, तो शेवटचा शेरा आधी पेनाने खोडा. उंच आणि बुटक्याची उंची मिळवून दोनाने भागली, तर निघतो तो माणूस घरात नसतोच.

आकृत्यांतली हुशारी अशी झाकली जाणं, ही चूक जुनी आहे. 1921 साली अमेरिकेत लुईस टर्मन या मानसशास्त्रज्ञाने कॅलिफोर्नियातली अतिहुशार मुलं निवडायला घेतली. चाचणीचा भर शब्दांवर. विल्यम शॉक्ली आणि लुईस अल्वारेझ ही दोन पोरं तीत बसली नाहीत. पुढे दोघांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, 1956 आणि 1968 साली. निवडलेल्यांपैकी एकालाही नाही. (हे घरात सांगताना जपून, नाहीतर उद्यापासून नोबेलची वाट बघतील!)

उभा-आडवा धागा सांभाळत तुकडा मनातच फिरवून बघणं, हीच ती कलचाचणीत आकृत्यांच्या भागात वर आलेली क्षमता. शाळेत तिची प्रश्नपत्रिका नसते. भूमितीतही प्रमेय पाठ करून निभतं. आणि सपाट कापडातून कटोरी उभी करणाऱ्या बाईने विचारावं, हे कुठून आलं?

दहावीनंतर थेट 3 वर्षांचा मेकॅनिकल डिप्लोमा आहे. तो चांगला झाला तर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं. आयटीआयला ड्राफ्ट्समन (ड्रॉइंग काढणारा) आहे, टूल अँड डाय मेकर (अवजारं आणि साचे घडवणारा) आहे. आयटीआय म्हटल्यावर यांचं नाक मुरडेल, मुरडू द्या. गणित मात्र सोडून चालणार नाही, डिप्लोमाच्या पहिल्या वर्षी पोरं तिथेच अडखळतात. भाषाही पास होण्यापुरती तरी हवीच.

सध्या एवढंच करा. ओळखीतून एखाद्या डाय बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये त्याला दिवसभर बसवा, हातात एक ड्रॉइंग द्यायला सांगा. तो मोबाईल काढतो की मशीनजवळ सरकतो, ते मला कळवा.