पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकाच्या संघांतला सर्वांत अविस्मरणीय अमेरिकन कॉलेज फुटबॉल बोल सामना (हंगामाअखेरचा मानाचा सामना) कोणता?
४ जानेवारी २००६ चा पॅसाडिनातला रोझ बोल: टेक्सास ४१, यूएससी (सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ) ३८. अव्वल यूएससी सलग ३४ सामने जिंकून आलेला, लाइनर्ट आणि बुश हे हाइझमन (वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा पुरस्कार) जिंकलेले दोन खेळाडू त्यांच्याकडे. साडेसहा मिनिटं उरली तेव्हा टेक्सास १२ गुणांनी मागे. त्यांनी एक टचडाऊन (चेंडू शेवटच्या रेषेपार नेणं) करून अंतर पाचवर आणलं. मग यूएससीने चौथ्या डाऊनला (दहा यार्ड पुढे जाण्याच्या चार प्रयत्नांतल्या शेवटच्या) दोन यार्डांसाठी जोखीम घेतली, टेक्सासने ती अडवली, आणि १९ सेकंद राहिले असताना, पुन्हा चौथ्याच डाऊनला, टेक्सासचा क्वार्टरबॅक (आक्रमण चालवणारा खेळाडू) व्हिन्स यंग स्वतः चेंडू घेऊन कोपऱ्यात धावला आणि विजयी टचडाऊन केला. काय धाव होती ती! पूर्ण सामन्यात धाव आणि पास मिळून त्याचे एकट्याचे ४६७ यार्ड. एक मात्र खरं, पहिल्या हाफमधल्या टेक्सासच्या एका टचडाऊनआधी यंगचा गुडघा जमिनीला टेकला होता, तरी गुण दिले गेले.