हॉकेनचा जुना संच हाती आलाय? आधी हे वाच

थॉम्प्सन/सेंटर या अमेरिकन कंपनीचा हॉकेन संच, म्हणजे घरी जोडायच्या ठासणीच्या बंदुकीचे सुटे भाग, तोही कुणीतरी अर्धवट जोडून टाकलेला? मग कानशीला हात लावायच्या आधी नळी रिकामी आहे ना ते बघ. ठासायचा गज तोंडातून पार तळापर्यंत सोड, तोंडाशी खूण कर आणि तोच गज, खूण तोंडाशी ठेवून, नळीच्या बाहेरून धरून ताडून बघ. टोक निपलच्या (ज्यावर टोपी बसते त्या बोंडाच्या) आसपास पोचत नसेल तर आत काहीतरी आहे. आधीच्या मालकाच्या शब्दावर जाऊ नकोस.

अक्रोडाचा दस्ता मुद्दाम जाड ठेवलेला असतो. दस्त्याच्या मागच्या टोकाची पितळी पट्टी, बटप्लेट, बसवून लाकूड आणि पितळ एकत्रच घास, म्हणजे सांधा बोटाला लागत नाही. लॉकच्या, म्हणजे घोडा असलेल्या यंत्रणेच्या, खाचेत मात्र घाई नको. लॉकला मेणबत्तीची काजळी लाव, जागेवर दाब, काढ. काळं उमटेल तेवढंच पटाशीने खरवड. पुन्हा दाब. कंटाळवाणं आहे, पण खाचेच्या कडा गोल झाल्या की सगळी शोभा गेली.

अमेरिकेतल्या सेंट लुईसला बनलेल्या मूळ हॉकेन बंदुकांना बहुतेक लोखंडी साज असायचा, पितळ नव्हे, असं सुनावणारे भेटतील. सोडून दे.

नळीत खड्डे दिसले तर जाणत्या गनस्मिथला दाखव. बंदुकीची दारू काळीच, किंवा तिचा मान्य पर्याय. धूरविरहित दारू चिमूटभरही नाही, नळी फुटते. आणि ही बंदूक भारतात न्यायचा बेत असेल तर तिथे ठासणीच्या बंदुकीलाही परवाना लागतो.