अल्टिमेट फ्रिस्बी : डिस्क पुढे न्यायची कशी?

प्रश्न : आम्ही नुकतीच अल्टिमेट फ्रिस्बी खेळायला सुरुवात केली आहे. डिस्क हातात असताना धावता येत नाही, हे समजले. पण मग आक्रमण कसे करायचे? आमचे सगळे खेळाडू डिस्कभोवतीच गोळा होतात आणि तिसऱ्या-चौथ्या फेकीला डिस्क हातून जाते.

उत्तर : या खेळात डिस्क पुढे सरकते ती फक्त फेकीने, आणि फेक झेलली जाण्यासाठी मोकळी जागा लागते, सगळे डिस्ककडे धावले की त्यांच्यामागोमाग बचावपटूही येतात आणि नेमकी तीच जागा भरून जाते. गवतावरील सामन्यात दोन्ही संघांचे 7-7 खेळाडू असतात. मैदान 100 मीटर लांब आणि 37 मीटर रुंद असून त्याच्या दोन्ही टोकांचे 18-18 मीटर म्हणजे एंड झोन. प्रतिस्पर्ध्यांच्या एंड झोनमध्ये सहकाऱ्याची फेक झेलली की एक गुण मिळतो.

सुरुवातीला चार-पाच जणांनी मैदानाच्या मधोमध एकामागे एक उभे राहावे. या रचनेला स्टॅक म्हणतात. त्यातून एका वेळी एकानेच कट घ्यावा : आधी जोरात डिस्कपासून दूर धावून बचावपटूला सोबत ओढावे, मग पाय रोवून झटकन उलट वळावे आणि डिस्कच्या दिशेने तिरके यावे. फेक आली नाही, तर तिथे हात वर करून थांबून न राहता कडेने पुन्हा स्टॅकमध्ये जावे, म्हणजे पुढच्या खेळाडूला वाट मिळते. फेकी सुधारण्याआधी हे बाजूला होणे शिकावे, असे माझे ठाम मत आहे.

डिस्क झेलणाऱ्याने शक्य तितक्या लवकर थांबून एक पाय जमिनीवर स्थिर ठेवावा. त्या पायावर गिरकी घेता येते. समोरचा मार्कर, म्हणजे डिस्क हातात असलेल्या खेळाडूला अडवणारा बचावपटू, एकेका सेकंदाच्या अंतराने मोठ्याने आकडे मोजतो आणि त्याने ‘दहा’ म्हणण्यापूर्वी डिस्क हातातून सुटावी लागते. सहा-सातपर्यंत पुढे कोणी मोकळे दिसले नाही, तर मागच्या किंवा बाजूच्या सहकाऱ्याला आखूड पास द्यावा. त्यात कमीपणा काहीच नाही, कारण डिस्क जमिनीवर पडली किंवा मैदानाबाहेर गेली की ताबा सरळ प्रतिस्पर्ध्यांकडे जातो.

प्रश्न : माझी फेक हवेत डगमगते. जोर कमी पडतो का?

उत्तर : बहुधा फिरकी कमी पडते. 175 ग्रॅमची डिस्क स्थिर राहते ती स्वतःभोवती वेगाने फिरल्यामुळे. म्हणून संपूर्ण हात जोरात फिरवण्यापेक्षा शेवटच्या क्षणी मनगटाचा झटका द्यावा. आधी बॅकहँड (हात शरीरासमोरून आडवा नेऊन केलेली फेक) आणि मग फोरहँड (हाताच्याच बाजूने केलेली फेक), दोन्ही आखूड अंतरावर पक्के करावेत.

प्रश्न : पंच नसेल तर फाउल कोण ठरवतो?

उत्तर : खेळाडूच ठरवतात, अगदी जागतिक अजिंक्यपद स्पर्धेतही. समजा, झेल घेताना तुमच्या हाताला धक्का लागला आणि झेल सुटला. तुम्ही ‘फाउल’ म्हटल्यावर खेळ थांबतो. समोरच्याने ते मान्य केले, तर डिस्क तुम्हाला मिळते. अमान्य केले, तर ती फेकणाऱ्याकडे परत जाते आणि खेळ तिथून पुढे सुरू होतो. आवाज चढवून हाती काहीच येत नाही, म्हणून आपण काय पाहिले तेवढे थोडक्यात सांगावे आणि समोरच्याचे ऐकून घ्यावे. अनेक स्पर्धांत सामन्यानंतर दोन्ही संघ एकमेकांना नियमांचे ज्ञान, शारीरिक धक्के टाळणे, न्यायबुद्धी, संयम आणि संवाद या पाच बाबींसाठी प्रत्येकी 0 ते 4 गुण देतात.